कर्णिक मास्तर आणि काहीच न करणारा वायू

कर्णिक मास्तर वर्गात आले की आधी हवेची हजेरी घेत, मग मुलांची. कर्जतच्या शाळेत मी संस्कृत शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतून हे माझ्या कानावर आलं. मास्तरांनी पुकारलं, "प्राणवायू?" मुलं एका सुरात म्हणाली, "हजर." नत्रवायू हजर, कर्बवायू हजर. पाण्याची वाफ तर फारच जोरात हजर, कारण श्रावण चालला होता आणि भिंतींनासुद्धा घाम फुटला होता. मग मास्तर म्हणाले, "आर्गॉन?" आणि वर्ग चिडीचूप. कोणी हूं नाही की चूं नाही. मास्तरही थांबले. मग काहीतरी टिपून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली आणि मुलांच्या हजेरीला सुरुवात केली.

मी नवा, उत्साही आणि पुण्याचा. तास सुटल्यावर त्यांना गाठलं आणि मोठ्या अगत्याने विचारलं, की तो आर्गॉन नावाचा मुलगा आजारी आहे का; नावावरून इराणी हॉटेलवाल्याचा दिसतो, घरी जाऊन चौकशी करायची तर मी येतो बरोबर.

मास्तर हसले नाहीत. हे त्यांचे माझ्यावरचे पहिले उपकार. म्हणाले, "मुलगा नाही हो शास्त्रीबुवा, वायू आहे. आणि गैरहजर तो कधीच नसतो. फक्त ओ देत नाही."

उंच, किंचित वाकलेले, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. कोटाच्या उजव्या बाहीला आम्लाने पडलेली भोकं होती, ती त्यांनी कधी रफू करून घेतली नाहीत. घर नदीकडच्या आळीत, पिढ्यान्‌पिढ्यांचं. पत्नी वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक स्वतः करीत, आणि स्वयंपाकातलं जे काम जगातल्या सगळ्या पुरुषांना नकोसं वाटतं नेमकं तेच त्यांना प्रिय होतं: मोड आलेले वाल सोलणं. संध्याकाळी ओटीवर परातीत भिजलेले वाल घेऊन बसत. एकेक दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, साल मागे राहते आणि डाळिंबी पुढे येते. कोणाच्याही घरचं बिरडं ह्या माणसाच्या बिरड्यासारखं नसे, कारण कोणालाही एवढा धीर नव्हता. भेटायला गेलेल्या माणसाच्या हाती बोलता बोलता मूठभर वाल येत आणि घरी परतताना त्याची नखं पांढरी पडलेली असत.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. कोणी सांगितलं की खोपोलीच्या रस्त्याला वाघ दिसला, किंवा भिवपुरीच्या वीजघरात पाण्यातली सगळी शक्ती काढून घेतात आणि नुसता चोथा नदीत सोडतात म्हणून यंदा भात पिकला नाही, की मास्तर शांतपणे म्हणत, "असेल. पाहिलंत का?" त्यात हेटाळणी नसे. तुम्ही पाहिलं असेल तर त्यांना खरोखरच ऐकायचं असे.

आणि आर्गॉन त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. हे त्यांच्या मनाला लागून राहिलेलं शल्य. मुंबईच्या कॉलेजात शिकताना त्यांना एका प्राध्यापकांनी त्याची कथा सांगितली होती. ती ते अशी सांगत, की ऐकणाऱ्याने पान खाणं थांबवावं. विलायतेत एका साहेबाने नत्रवायू दोन तऱ्हांनी मिळवला: एकदा हवेतून प्राणवायू काढून टाकून, आणि एकदा क्षारांपासून. दोन्ही तोलून पाहिले, तर हवेतला अगदी केसभर जड भरला. "आपण असतो तर काय म्हटलं असतं?" मास्तर विचारत. "तराजू हलला म्हटलं असतं. हात थरथरला म्हटलं असतं. तो माणूस म्हणाला, हात माझा नाही थरथरला, हवेतच कोणीतरी आहे. साऱ्या जगाने जन्मभर नाकाने आतबाहेर केलेलं, आणि कोणाला पत्ता नाही."

वर्गाच्या खिडकीतून राजमाचीचा डोंगर दिसे. एकदा त्यांनी मुलांना सांगितलं, की त्या किल्ल्यावर कधीकाळी एक पहारेकरी उभा असेल, त्याने श्वास घेतला असेल. प्राणवायू त्याच्या रक्तात गेला आणि खर्ची पडला. पण आर्गॉन छातीत एक चक्कर मारून जसाच्या तसा बाहेर आला. तो जळत नाही, सडत नाही, कशाशी मिसळत नाही. मग तो गेला कुठे?

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हितंच हाय."

"इथेच आहे," मास्तर म्हणाले. "आत्ता तुझ्या नाकात असेल." सगळ्या वर्गाचे हात नाकाकडे गेले. दारात उभं राहून ऐकणाऱ्या माझाही गेला. आणि मी जो प्रश्न विचारला तो पुढे पुण्यात सांगताना मी एका पोराच्या तोंडी घालत असे. मी विचारलं, मग तो वायू उष्टा नाही का झाला?

मास्तर म्हणाले, "उष्टं व्हायला काही लागावं लागतं, शास्त्रीबुवा. ह्याला काही लागतच नाही. ह्याच्याइतकं सोवळं जगात दुसरं काही नाही."

झालं. हे वाक्य माझ्यासारख्याच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्या गणेशोत्सवात मी व्याख्यान ठोकलं: "सोवळा वायू". प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाच आपल्या ऋषींनी सांगितले. सहावा त्यांना ठाऊकच होता, पण तो कोणाला शिवत नाही म्हणून त्यांनी त्याला यादीत न घालता बाजूला पाटावर बसवला, असा माझा सिद्धांत. स्पर्शास्पर्श हा सृष्टीचाच नियम असून त्याची साक्ष खुद्द विलायतेने दिली, असा समारोप. टाळ्या कडाडल्या. मला नारळ मिळाला.

नारळ घेऊन मी ऐटीत मास्तरांच्या ओटीवर गेलो. त्यांनी मला बसायला पाट दिला, माझ्यापुढे वालांची परात सरकवली आणि म्हणाले, "बोलणं गोड झालं तुमचं. एक सांगायचं राहिलं. हा तुमचा सोवळेकरी ठाकूरवाडीतही तेवढाच असतो. कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्टीवरही तेवढाच. शंभरात एक भाग. तुमच्या देवघरात त्याहून कणभर जास्त नाही."

मी वाल सोलू लागलो.

त्याच हिवाळ्यात तपासणीला डेप्युटीसाहेब आले. माणूस सज्जन, पण काटेकोर. पायताणसुद्धा रेषेत काढून ठेवणारा. त्यांनी मास्तरांची हवेची हजेरी मागे बसून ऐकली, मग टेबलावरचं क्रमिक पुस्तक उघडलं. आमच्या शाळेतलं पुस्तक जुनं. त्यात आर्गॉन नव्हता. डेप्युटीसाहेबांनी पान मास्तरांपुढे धरलं आणि सांगितलं, की पुस्तकात नाही ते परीक्षेत नाही, आणि परीक्षेत नाही ते मुलांच्या डोक्यात भरण्याचं कारण नाही. मास्तर म्हणाले, की पुस्तकात नसलं तरी खोलीत आहे.

"असेल," डेप्युटीसाहेब म्हणाले. "तुम्ही पाहिलाय?"

सगळ्या मुलांनी माना खाली घातल्या. मास्तरांचंच वाक्य, आणि ते उलटून त्यांच्याच कपाळी. मास्तर म्हणाले, "नाही, साहेब."

ठरलं असं, की पुढच्या तपासणीपर्यंत त्यांनी ह्याच खोलीतल्या हवेतून तो वेगळा काढून दाखवावा, नाहीतर त्याचं नाव सोडावं. साहेब गेल्यावर मास्तर हेडमास्तरांना म्हणाले, की नाही दाखवता आला तर रसायनाचा तास दुसऱ्या कोणाला द्या. आहे ते नाही म्हणून शिकवणं मला जमणार नाही. हेडमास्तरांनी समजूत घातली, एवढ्याशा वायूसाठी एवढं काय. मास्तरांचं घर मी मात्र पाहिलं होतं. त्या तासाखेरीज त्यांना बोलायला त्या घरात कोणी नव्हतं.

मी तोडगा काढला. तोडगे काढण्यात माझा हातखंडा. मास्तरांचा एक विद्यार्थी भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता, त्याने शाळेला विजेच्या दिव्याचा एक गोळा भेट दिला होता. त्यात हाच वायू भरतात, म्हणजे आतली तार जळून जात नाही, हे मास्तरांनीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, गोळा साहेबांपुढे फोडा आणि म्हणा, हा घ्या आर्गॉन. मास्तर म्हणाले, "तो दुसऱ्या कोणी भरलेला. साहेबांनी ह्या खोलीतला विचारलाय." "आणि फोडल्यावर दिसणार काय, शास्त्रीबुवा?" हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

काम पुढच्या वर्षीचा पाऊस सरल्यावर सुरू झालं. शाळेमागच्या पडवीत विटांची लांबट चूल, तीत रेल्वेच्या लोहाराने घडवून दिलेली लोखंडी नळी. नळीच्या दोन्ही अंगांना रबरी नळ्यांनी जोडलेले काचेचे मोठे बुधले, त्यांत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यावर गोड्या तेलाचा थर, म्हणजे पाण्यातली हवा वर येऊ नये. एक बुधला उचलला की त्यातली हवा तापलेल्या नळीतून दुसऱ्यात जाई; मग तो उचलायचा. आधी नळीत तांब्याचा कीस भरला, त्याने प्राणवायू खाल्ला. मग फोटोवाल्यांची मॅग्नेशियमची पूड चुन्यात कालवून भरली, ती नत्रवायू खाऊ लागली. ही पूड मास्तर मुंबईहून थोडी थोडी आणवीत.

कोळसा आणण्याचं काम शाळेच्या गोमा शिपायाकडे. तो पोती टाकून कमरेवर हात ठेवून उभा राही. एकदा म्हणाला, "मास्तर, लोकं वांगी भाजतात, कणसं भाजतात. तुमी हवा भाजताय व्हय?"

"भाजत नाही गोमा, सोलतोय."

गोमाने थोडा वेळ नळीकडे पाहिलं. "मंग आत दाणा हाय म्हनायचा."

"आहे असं म्हणतात," मास्तर म्हणाले.

रविवारमागून रविवार मी बुधले उचलत होतो. एक वर, एक खाली. मग तो वर, हा खाली. संध्या करताना जेवढं मन लागलं नाही तेवढं ह्या कामात लागलं. हवा आटत होती. बुधलाभर होती ती तांब्याभर झाली, मग वाटीभर. जे जात होतं ते दिसत नव्हतं, जे उरत होतं तेही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त पाणी, हळूहळू वर चढणारं.

आणि मग माझ्या हातून घडायचं ते घडलं. एका रविवारी मास्तर काही कामाने घरी गेले आणि मी एकटा पडवीत. चुलीच्या उकाड्याने पगडी काढली आणि ठेवायला जागा नाही म्हणून बुधल्याच्या घडवंचीच्या खुंटीला अडकवली. मधून मधून बुधले उचलत होतो, आणि पाहतो तो काय, पाणी खाली उतरतंय. आर्गॉन वाढतोय. माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय. वाटीभर होता तो तांब्याभर होत आला. मी मनातल्या मनात शांतिमंत्र म्हटला, गोमाला पिटाळून पेढे आणवले, त्याला दोन दिले, आळीतल्या चार घरांत वाटायला पाठवले आणि मास्तर येताच त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. म्हटलं, अभिनंदन, घरात धान्य वाढावं तसा वाढलाय.

मास्तरांची नजर माझ्या खांद्यावरून घडवंचीकडे गेली. पगडीच्या भाराने खुंटी कलली होती, खुंटीने रबरी नळी ओढली होती, आणि सांध्यातून कर्जतची सगळी हवा आत येत होती. महिन्यांची मेहनत. मास्तरांनी पेढा शांतपणे चावून संपवला, टोपीखालचा घाम पुसला आणि मग म्हणाले, "पेढा चांगला आहे. कोणाकडचा?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी पगडी खुंटीवरून काढली, झटकली, माझ्या हातात दिली आणि चुलीत कोळसा घातला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गोमा नंतर कितीतरी दिवस मला विचारी, "शास्त्रीबोवा, आज पगडी बांदूनच बसनार न्हवं?"

तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा परीक्षानळीत बोटभर वायू उरला होता, आणि डबीत एका वेळेपुरती पूड. डेप्युटीसाहेब पडवीत आले, खुर्चीवर बसले. मागे हेडमास्तर, भिंतीशी मुलं. मास्तरांनी थोडक्यात काय केलं ते सांगितलं आणि तो वायू सर्वांसमोर नळीतून फिरवून परत आणला. जेवढा होता तेवढाच आला. मुलांच्यात कुजबुज झाली.

डेप्युटीसाहेबांनी खिशातून दोरा काढला, परीक्षानळीला पाण्याच्या रेषेवर स्वतः बांधला. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या पुडीतला जोर संपला असेल तर? मग उरलेला नत्रवायूसुद्धा असाच मख्ख बसेल."

हेडमास्तरांनी सुस्कारा टाकला. माझ्या मनात आलं, हो म्हणू नका. एवढ्यावर निभावून जाईल. पण मास्तरांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांच्या जोडीचा प्रश्न विचारला होता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नवी घालून पाहू."

हेडमास्तर माझी बाही ओढू लागले. मास्तरांनी शेवटची पूड नळीत भरली, सांधे लाखेने बंद केले, गोमाने निखारे फुलवले. नळी लाल झाली. मी बुधला उचलला. वायू गेला, परत आला. पाणी दोऱ्याच्या वर चढलं होतं.

"घटला," डेप्युटीसाहेब म्हणाले.

"घटला," मास्तर म्हणाले. "होता थोडा नत्रवायू. तुमचं म्हणणं खरं."

पुन्हा फिरवला, पाणी आणखी वर. पुन्हा, आणखी. बोटाचं पेर झालं, पेराचा अर्धा भाग झाला. माझे हात बुधला धरून दुखायला लागले होते. मी डोळे मिटून घेतले, कारण आता शून्यच व्हायचं राहिलं होतं, आणि ते शून्य झालं की ह्या माणसाचा तास गेला. डोळे उघडले तेव्हा डेप्युटीसाहेब दुसरा दोरा बांधत होते.

वायू फिरला, परत आला. पाणी दोऱ्याशी.

पुन्हा फिरला. पाणी दोऱ्याशी.

डेप्युटीसाहेबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मला बाजूला केलं आणि बुधला स्वतःच्या हातांनी उचलला. त्यांनी तो किती वेळा वरखाली केला ते मोजायचं कोणाला भान नव्हतं. निखारे खाली बसत आले. पाणी दोऱ्यावरून हललं नाही.

काशीपासून रामेश्वरापर्यंत मला चमत्कार सांगणारे पुष्कळ भेटले. सगळीकडे काहीतरी घडतं आणि माणसं हात जोडतात. काहीही घडत नाही म्हणून अंगावर काटा उभा राहिलेला मी जन्मात तेवढा एकदाच अनुभवला. आगीने जे न्यायचं ते सगळं नेलं होतं, आणि हरभऱ्याच्या घाट्याएवढं काहीतरी तिथे बसलं होतं. त्याला नेणारं कोणी नव्हतं.

डेप्युटीसाहेबांनी बुधला खाली ठेवला. घाम पुसत विचारलं, "आणि हा करतो काय?"

"काही नाही, साहेब."

"मग शिकवायचा कशाला?"

मास्तर म्हणाले, "आहे म्हणून."

साहेबांनी कोट घातला, बटणं लावली. बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिकवा," आणि पुढच्या वर्गाकडे निघाले.

हेडमास्तरांना भलताच हुरूप आला. परीक्षानळी लाखेने मोहरबंद करून कचेरीच्या कपाटात ठेवायची, मंडळींना दाखवायची, वर्षातून एकदा हार घालायचा, असं ते बोलू लागले. हाराची सूचना माझी होती, हे सांगायला नको. आम्ही हाराच्या फुलांपर्यंत पोचलो होतो, तोवर मास्तरांनी नळी उचलली, पडवीच्या पायरीवर गेले, अंगठा तोंडाशी धरून ती उलटी केली आणि अंगठा काढला. एवढंसं पाणी पायरीवर सांडलं.

"अहो, गेला," हेडमास्तर म्हणाले.

"पाहायचा होता, पाहिला," मास्तर म्हणाले. "आपला थोडाच आहे तो?"

ही गोष्ट फाल्गुनातली. मे महिन्याच्या सुटीला मी पुण्याला निघालो तेव्हा मास्तर स्टेशनावर पोचवायला आले. घाट चढवण्यासाठी मागे इंजिन जोडेपर्यंत कर्जतला गाडी थांबतेच, त्यामुळे निरोपाचं बोलणं दोनदा संपलं. त्यांनी मला वालाची पुडी दिली आणि सोलायचे कसे ते पुन्हा एकदा दाखवलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते नव्हते; सुटीतच तापाने गेले, कोणाला फार त्रास न देता.

गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं होतं. हात हलवीत असतील असं वाटलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मागच्या इंजिनाने धुराचा मोठा लोट सोडला होता, तो फलाटावरून वर चढत होता आणि कर्णिक मास्तर टोपी हातात घेऊन, मान वर करून तो पाहत उभे होते. धूर पांगला, विरळ झाला, दिसेनासा झाला. वळण येईपर्यंत मला ते दिसत राहिले, तसेच वर पाहत, जिथे आता काहीच दिसत नव्हतं तिथे.